रस्त्याआधी गाळ वाचा

कल्याण परिसरात खाडीकाठाने जाणाऱ्या एका रस्त्याच्या कामाला अजून सुरुवात व्हायची होती, तेव्हाची गोष्ट. तिवरांच्या कडेला लोखंडी तिकाटणे उभे करून जमिनीत नळ उतरविला जात होता. शेजारी ताडपत्रीखाली लाकडी पेट्या मांडलेल्या होत्या आणि त्यांच्या कप्प्यांत कातळाच्या गोल कांड्या ओळीने लावलेल्या होत्या. बाजूला प्लास्टिकच्या पिशव्यांत निरनिराळ्या खोलीवरच्या मातीचे नमुने होते, प्रत्येकावर खोलीची चिठ्ठी. मी सहज वाकून पाहिले. वरचा थर भरावाचा, म्हणजे मुरूम आणि राडारोडा. त्याखाली काळाभोर, कुबट वासाचा गाळ. पुढच्या पिशवीत त्याच गाळात शिंपल्यांचा चुरा. त्याहून खाली पिवळट चिकणमाती, आणि मग कातळ. कामावरच्या तरुण अभियंत्याला विचारले, "या पिशव्यांचे पुढे काय होते?" तो मोकळेपणाने म्हणाला, "रिपोर्ट गेला की काही दिवस ठेवतो, काका, मग टाकून देतो. कातळ किती खोल आहे आणि माती किती भार घेईल, एवढंच आम्हाला हवं असतं. बाकी सगळा चिखलच."

त्या मुलाचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याला जे शिकविले, जे काम नेमून दिले, ते तो नीट करीत होता. परंतु ज्याला तो चिखल म्हणत होता, त्यात कल्याणच्या दोन हजार वर्षांची कागदपत्रे असण्याचा पुरेपूर संभव आहे. ती वाचणारा माणूस त्या ताडपत्रीखाली नव्हता. तो तिथे असावा, अशी कोणत्याही कायद्याची अपेक्षाही नव्हती.

कल्याण हे आज आपल्याला लोकलच्या फलाटांवरून ठाऊक आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ते ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्याला ठाऊक होते. 'पेरिप्लस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या प्रवासनोंदीत 'कल्लिएना' बंदराचा उल्लेख आहे. पूर्वी ही रीतसर बाजारपेठ होती, पुढे राजकीय पालट झाला आणि तिथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचकडे नेले जाऊ लागले, असे तो सांगतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या चढाओढीची ती खूण. सहाव्या शतकातील कॉस्मास याच बंदरातून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते म्हणून लिहितो. हे झाले परक्यांचे साक्षीपुरावे. घरचा पुरावा त्याहून बोलका आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची जी नावे कोरली आहेत, त्यांत कल्याणचे रहिवासी पुन्हा पुन्हा येतात. व्यापारी आहेत, कारागीर आहेत. एका लेखात तर कल्याणमधील अंबालिका विहाराचा नावानिशी उल्लेख आहे.

तो विहार कुठे आहे? ती गोदी, त्या वखारी, तो जकातीचा नाका कुठे आहे? आज कल्याणात आलेल्या पाहुण्याला आपण दुर्गाडी दाखवितो, आणि ते योग्यच आहे. १६५७ मध्ये शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठी आरमाराचा पाया याच खाडीवर घातला गेला. दुर्गाडीचा पाया खणताना अमाप द्रव्य सापडले, अशी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण दुर्गाडीच्या आधीची सोळा शतके दाखवायची झाली तर आपल्यापाशी बोट ठेवायला जागा नाही. आपले पूर्वज बेफिकीर होते म्हणून हे झालेले नाही. त्याचे कारण उल्हास नदीत आहे.

सह्याद्रीतून निघून कर्जत-बदलापूरमार्गे येणारी उल्हास कल्याणपाशी भरती-ओहोटीच्या टप्प्यात शिरते. डोंगरातून धावत आलेले पाणी इथे संथ होते आणि आणलेली माती खाली टाकते. समोरून भरतीचे पाणी आपला बारीक गाळ घेऊन येते. पावसाळ्यामागून पावसाळे हे चालू आहे. बंदर मागे पडते, खाडी उथळ होते, काठ सरकतो. जुना धक्का खाजणाखाली जातो, खाजणावर मिठागर किंवा खारजमिनीतली भातशेती येते, आणि शेवटी तिथे डांबर पडते. सोपाऱ्याचे असेच झाले. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटातील स्तूप उघडला नसता आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा ओळखला नसता, तर नालासोपारा हे केवळ एक रेल्वे स्थानक राहिले असते. नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात १९५६ मध्ये मिळाला. दोन तुकड्यांमध्ये चौऱ्याहत्तर वर्षे गेली.

गाळ जसा गिळतो तसा तो सांभाळतोही. पाण्याने संपृक्त, हवा न शिरणाऱ्या काळ्या चिखलात लाकूड कुजत नाही, दोर टिकतो, धान्याची टरफले आणि झाडांचे परागकण टिकतात. कोरड्या टेकाडावर जे केव्हाच मातीला मिळाले असते ते इथे शाबूत मिळू शकते. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत. त्यांतील काहींवर वल्ह्यांच्या जहाजांचे युद्ध कोरलेले आहे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातील तेराव्या शतकातील नाविक संग्राम तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. ती जहाजे आपण दगडात पाहतो. लाकडाचे एखादे खरे जहाज पाहायचे असेल, तर ते वसई ते कल्याण या पट्ट्यातील गाळाखेरीज दुसरीकडे कुठे शोधणार?

हा कल्पनाविलास नव्हे. इस्तंबूलमध्ये बॉस्फरस सामुद्रधुनीखालून रेल्वे नेण्याचे काम निघाले. येनिकापी या भागात सम्राट थिओडोसियसच्या काळचे बंदर होते आणि ते एका ओढ्याच्या गाळाने बुजले, हे इतिहासकार जाणून होते. २००४ पासून तिथे उत्खनन झाले आणि त्या गाळातून सदतीस जुनी जहाजे निघाली. आणखी खोल गेल्यावर आठ हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष लागले, चिखलात उमटलेली माणसांची पावले लागली. काम कित्येक वर्षे रेंगाळले. भांड्याकुंड्यांसाठी प्रकल्प अडला म्हणून तिथल्या पंतप्रधानांनी जाहीर त्रागाही केला. तरीही २०१३ मध्ये गाडी धावू लागली, आणि आज तो देश जगाला ती जहाजे दाखवितो.

आता आपल्याकडचा इतिहास पाहा. ठाण्याचा शिलाहार इतिहास प्रकाशात आला तोही असाच फावड्याच्या टोकाने. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, नव्या बांधकामासाठी खणताना मजुरांना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरी याचे, शके ९३९ म्हणजे इसवी सन १०१७ चे ते दानपत्र. दुसऱ्याच वर्षी त्याचा अनुवाद कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनपत्रिकेच्या पहिल्या खंडात छापून आला. श्रीस्थानक या राजधानीचे वैभव, तिची प्रशासनव्यवस्था, राजाची बिरुदे यांचा अभ्यास तिथून सुरू झाला आणि म. म. वा. वि. मिराशी यांच्या शिलाहारांवरील ग्रंथापर्यंत येऊन पोहोचला. ज्या मजुरांनी ते पत्रे वितळवणाऱ्याकडे न नेता वर दिले, त्यांची नावे कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

प्रत्येक वेळी दैव इतके अनुकूल नसते. त्यानंतर सत्तर वर्षांच्या आतबाहेर लाहोर-मुलतान लोहमार्ग टाकताना ब्रिटिश ठेकेदारांना एका जुन्या टेकाडात उत्तम भाजलेल्या विटा आयत्या मिळाल्या. सुमारे शंभर मैल रुळांखाली त्या विटांची खडी झाली. ते टेकाड हडप्पाचे होते. १९२१ मध्ये दयाराम साहनी तिथे खणायला गेले तेव्हा भारताच्या पहिल्या नागरी संस्कृतीचे एक महानगर बव्हंशी उचलून नेलेले होते. परकीय राजवटीला आपण यासाठी दूषणे देतो. मग स्वराज्यात, आपल्याच करातून होणाऱ्या रस्त्यांखाली काय जाते याची चौकशी कुणी करायची?

कायदा नाही असे नाही. १९५८ चा केंद्रीय पुरातत्त्व कायदा आहे, १९६० चा महाराष्ट्राचा आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवून दिले. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर त्यामुळे सुरक्षित राहावे अशी अपेक्षा करता येते. पण या साऱ्या कायद्यांना एक यादी लागते. जे यादीत आहे तेच स्मारक. जे अजून जमिनीत आहे, ज्याचे नावच कुणाला ठाऊक नाही, त्याच्या भोवती शंभर मीटरचे वर्तुळ कसे काढणार? पर्यावरणाच्या परवानगीसाठी भरावयाच्या अर्जांतही जवळची ज्ञात, घोषित स्थळे विचारली जातात. उत्तर 'निरंक' असे लिहिले की विषय संपला.

१८७८ चा एक जुना भूमिगत निधीविषयक कायदाही अद्याप अस्तित्वात आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे तो सांगतो. राष्ट्रीय महामार्गांच्या करारनाम्यांतही पुरातत्त्वीय वस्तू आढळल्यास कळविण्याचे कलम असते. ही सर्व कलमे वस्तू सापडल्यानंतरची आहेत. सापडली हे कळणार कुणाला? ज्याच्या हाती जेसीबीचा दांडा आहे त्याला. त्याच्या बकेटमध्ये एका घासात जेवढी माती येते, तेवढी पुरातत्त्वाचा विद्यार्थी खुरप्याने आणि कुंचल्याने कित्येक दिवस पाहील. आणि समजा, त्याला काही दिसलेच, तर काम थांबेल, मुदत टळेल, दंड बसेल, हे मुकादम जाणतो. मग जे व्हायचे ते होते. खाडीपलीकडच्या एका गावाच्या वेशीवर, वडाच्या पारापाशी, शेंदूर फासलेला एक वीरगळ मी माझ्या उमेदवारीच्या काळात पाहिला होता. रस्ता रुंद झाल्यावर गेलो तर पारही नव्हता आणि दगडही नव्हता. विचारले तर कुणी म्हणे देवळात नेला, कुणी म्हणे भरावात गेला. देवळात तो नव्हता. हा तर जमिनीवर उभा असलेला, गावाने पुजलेला दगड. पाच मीटर खाली जे आहे त्याचा कैवार कोण घेणार?

म्हणून तपासणी रस्त्याची आखणी पक्की होण्यापूर्वी व्हायला हवी. हे तंत्र आपल्या वाचकांना अगदीच अपरिचित नाही. अयोध्येत २००३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले, त्यापूर्वी जमिनीत रडार-लहरी सोडून खाली काय असू शकेल याचा अंदाज घेण्यात आला होता, हे अनेकांच्या स्मरणात असेल. आधी अंदाज, मग खणणे, हाच तो क्रम. मात्र अयोध्येतील उपाय कल्याणच्या खाडीत चालणार नाही. खाऱ्या, ओल्या चिकणमातीत रडारच्या लहरी वरच्या वरच विरून जातात. इथे नळ घालून गाळाचा अखंड स्तंभ वर काढणे आणि तो थराथराने वाचणे हाच मार्ग. कुठला थर नदीचा, कुठला भरतीचा. कुठे तिवरांची मुळे, कुठे कोळसा, कुठे खापराचा कण. कर्ब-१४ ने थराचे वय, परागकणांवरून तेव्हाची झाडी आणि शेती. अशा पाच-पंचवीस स्तंभांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या की बुजलेल्या खाडीचा जुना काठ नकाशावर उमटू लागतो. धक्का असेल तर तो त्या काठालगत असेल, हे उघड आहे. मग तेवढ्याच जागी चाचणी-खड्डे घ्यावेत. सगळीकडे खणत बसण्याची कुणाची मागणी नाही.

आणि इथेच त्या ताडपत्रीखालच्या पिशव्या आठवतात. पुलाच्या पायासाठी ठिकठिकाणी भोक पाडावेच लागते. यंत्र आलेले असते, खर्च झालेला असतो, माती वर आलेली असते. त्या वेळी पुरातत्त्वाचा एक जाणकार तिथे उभा राहिला, त्याने नोंदी घेतल्या, हव्या त्या खोलीचे अखंड नमुने वेगळे मागून घेतले, तर प्रकल्पाच्या अवाढव्य खर्चात ती रक्कम शोधूनही सापडणार नाही. आज तो नसतो याचे कारण पैसा नव्हे. त्याला बोलवावे असे कुठल्याही निविदेत लिहिलेले नसते, एवढेच.

विद्या बाहेरून आणावी लागेल असेही नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. ह. धी. सांकळिया यांनी पुरातत्त्वाची जी परंपरा उभी केली, तिच्यात प्रा. शरद राजगुरू यांच्यासारख्या संशोधकांनी महाराष्ट्रातील नद्यांच्या गाळाचे वाचन हे एक स्वतंत्र शास्त्र म्हणून रुजविले. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातून पुरातत्त्व शिकून बाहेर पडलेली मुले-मुली साष्टीची गावे पायी धुंडाळतात आणि वीरगळ, गधेगळ यांच्या नोंदी करतात. ठाण्यात प्राच्यविद्या अभ्यास संस्था आहे. राष्ट्रहितासाठी स्मारके आणि विकास यांचा मेळ घालण्याचा वस्तुपाठही आपल्याच देशात आहे. नागार्जुनसागर धरण व्हायचे होते, तेव्हा पाणी चढण्यापूर्वी १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे नागार्जुनकोंड्याचे खोरे पुरातत्त्व खात्याने पद्धतशीर खणले आणि निवडक वास्तू उंचावर हलविल्या. धरणही झाले. सत्तर वर्षांपूर्वीच्या गरीब भारताला जे सुचले आणि जमले, ते आताच्या भारताला जड जाण्याचे कारण नाही. ब्रिटनने १९९० पासून असा दंडक घातला की ज्याला बांधायचे आहे त्याने परवानगीपूर्वीच, स्वखर्चाने, जमिनीची पुरातत्त्वीय पाहणी करून द्यावी. केंब्रिजपासून हंटिंग्डनकडे जाणाऱ्या ए-१४ रस्त्याच्या कामावर तर दोन-अडीचशे पुरातत्त्वज्ञ राबले, आणि रस्ता ठरल्यापेक्षा आधी वाहतुकीला खुला झाला.

"डोंबिवलीकर रोज दाराला लटकून जातो, कल्याण-शीळ रस्त्यावर तासन्‌तास अडकतो, आणि तुम्ही खापरांचे काय घेऊन बसलात?" हा आक्षेप येणार, याची मला कल्पना आहे. मी स्वतः आयुष्यातील तीस वर्षे त्याच दारात लटकलो आहे. रस्ते हवेत, पूल हवेत, लवकर हवेत. पत्रीपुलाचे पाडकाम २०१८ ते नवा पूल २०२१ या काळात कल्याणकरांनी काय भोगले ते मी पाहिले आहे. पण खाडीकाठचे रस्ते रखडतात ते भूसंपादनात, तिवरांच्या परवानग्यांत, न्यायालयांत, ठेकेदार बदलण्यात. या वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेत त्याच जागेवरचा गाळ वाचून होऊ शकतो. उलट काम निम्म्यावर असताना काही निघाले आणि ओरड झाली, तर जो खोळंबा होतो तो खरा महाग पडतो.

आपल्या माणसांनाही दोन शब्द सांगायला हवेत. गौरवशाली इतिहासाच्या व्याख्यानांना आपली सभागृहे भरतात. शोभायात्रेत शिलाहारांचा चित्ररथ असतो. त्याच शिलाहारांच्या राजधानीत पायलिंगचे यंत्र धडधडत असताना, खाली काय लागले म्हणून विचारायला आपल्यातले किती जण गेले? मीही त्या दिवशी योगायोगानेच गेलो होतो. आणि गाळातून निघेल ते आपल्या आवडीचेच निघेल, असेही धरून चालू नये. विहार निघेल, इराणी झिलईची खापरे निघतील, अरब व्यापाऱ्याचे नाणे किंवा पोर्तुगीजांचा नांगर निघेल. या भूमीवर जे घडले ते या भूमीचे. निवडून वाचायचे असेल तर मग वाचनाची मागणी करण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही.

मागणी तशी लहान आहे. ठाणे खाडी, उल्हास आणि काळू यांच्या काठापासून ठरावीक अंतरात येणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या, पुलाच्या आणि बोगद्याच्या निविदेत एक कलम घालावे: भूस्तर चाचणीच्या वेळी पुरातत्त्वाचा जाणकार उपस्थित राहील, नमुन्यांची नोंद राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे जाईल, आणि त्याचा अभिप्राय आल्याखेरीज आखणी अंतिम होणार नाही. आतापर्यंत घेतलेल्या चाचण्यांचे अहवाल ठिकठिकाणच्या कार्यालयांत पडून आहेत. ते एकत्र केले तरी कल्याणच्या जुन्या काठाचा कच्चा नकाशा पुष्कळसा तयार होईल.

विकास आराखड्यात रस्त्याचा फेरबदल करायचा असला की महापालिका वृत्तपत्रांत सूचना देऊन नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागविते. वरील कलम साध्या कागदावर लिहून, पोच घेऊन, त्या मुदतीत दाखल करता येते. शाखेतील, मंडळातील दहा-वीस जणांनी मिळून केले तरी सुनावणीत त्याची दखल घ्यावी लागते. अशी सूचना प्रसिद्ध झाल्याचे आपल्या भागात कुणाच्या पाहण्यात आले तर कळवावे. अर्जाचा मसुदा मी तयार ठेवला आहे.